समजून घ्या : रिमोट चार, टीव्ही एक! युनिव्हर्सल रिमोट घरच्या घरी कसा जोडायचा?

‘बाबू, टीव्ही लागूनच नाही राहिला. नुसतं निळं निळं दिसते.’

नांदुऱ्यातून पुण्याला किंवा मुंबईला संध्याकाळी सातच्या सुमारास जाणारा हा फोन अनेक घरांच्या ओळखीचा असेल. मुलगा नोकरीच्या गावी, आई-वडील इकडे. दिवाळीला आला तेव्हा त्याने मोठा टीव्ही लावून दिला, पुढच्या खेपेला साउंडबार आणला, कधीतरी टीव्हीच्या मागे इंटरनेटची स्टिक खोचली. मालिका मात्र अजूनही सेट टॉप बॉक्सवरच पाहिली जाते. प्रत्येक वस्तूसोबत एक रिमोट आला आणि दिवाणाच्या कोपऱ्यात चार रिमोट जमा झाले. मग फोनवर ‘सोर्स दाब’, ‘कोणत्या रिमोटचं?’, ‘काळ्या’, ‘काळे तर तीन आहेत’ असा संवाद अर्धा तास चालतो. टीव्हीत बिघाड काहीच नसतो. चुकीचे बटण दाबले गेल्याने तो ‘एचडीएमआय १’ सोडून ‘एचडीएमआय २’वर जाऊन बसलेला असतो.

एवढ्याशा गोष्टीसाठी कुणी तंत्रज्ञ बोलावतो आणि येण्या-जाण्याचे पैसे मोजतो. कुणी इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’चा नंबर शोधतो आणि भलत्याच संकटात सापडतो. त्याबद्दल पुढे सविस्तर आहेच. आधी पाहू, चार रिमोटचे काम एकावर कसे आणायचे.

रिमोट इतके वाढले कसे?

पूर्वी केबलची वायर थेट टीव्हीत जायची, त्यामुळे टीव्हीचा रिमोट पुरायचा. केबलचे डिजिटायझेशन झाले आणि वायर व टीव्ही यांच्यामध्ये बॉक्स आला. ३१ ऑक्टोबर २०१२ रोजी मुंबईसह महानगरांत त्याची सुरुवात झाली आणि चौथ्या, म्हणजे शेवटच्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१७ होती. नांदुऱ्यासारखी नगरपालिकेची गावे आणि आसपासची खेडी शेवटच्या दोन टप्प्यांत आली. डीटीएचची छत्री घेतलेल्यांकडे बॉक्स आधीपासून होताच. डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावाने सुरू झालेली आणि आज ‘डीडी फ्री डिश’ म्हणून ओळखली जाणारी दूरदर्शनची सेवा तर महिन्याचे पैसे मागत नाही. तिचा बॉक्स बाजारातून विकत घ्यायचा असतो. त्यामुळे शेजारी-शेजारी दोन घरांत दोन वेगळ्या बनावटीचे बॉक्स आणि दोन वेगळे रिमोट असतात. शेजाऱ्याचा रिमोट आणून आपले काम भागत नाही, त्याचे कारण हेच.

बॉक्स आल्यापासून टीव्हीच्या रिमोटला तीनच कामे उरली आहेत : चालू-बंद, आवाज आणि सोर्स बदलणे. चॅनेल बदलण्याचे काम बॉक्सच्या रिमोटचे. म्हणजे ही तीन-चार बटणे बॉक्सच्या रिमोटवर आणली की बहुतेक घरांचा प्रश्न तिथेच मिटतो. त्यासाठी नवीन काही विकत घ्यावे लागतेच असे नाही.

रिमोट आणि टीव्ही बोलतात तरी कसे?

रिमोटच्या टोकाला एक लहानसा दिवा असतो. तो जो प्रकाश टाकतो, तो डोळ्यांना दिसत नाही, कारण तो इन्फ्रारेड, म्हणजे अवरक्त असतो. बहुतेक रिमोटमध्ये त्याची तरंगलांबी साधारण ९४० नॅनोमीटर असते. बटण दाबले की हा दिवा सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो. ही लुकलुक मध्येच थांबवून, पुन्हा सुरू करून निरोप पाठवला जातो. टीव्हीतला रिसीव्हर फक्त अशा लुकलुकत्या प्रकाशाकडे लक्ष देतो. उन्हात, ट्यूबच्या उजेडातही अवरक्त किरणे असतात, पण ती त्या गतीने लुकलुकत नाहीत म्हणून टीव्ही त्यांना ओलांडून पुढे जातो.

आपल्याकडच्या अनेक टीव्ही-बॉक्सना चालणारी एक पद्धत ‘एनईसी’ नावाने ओळखली जाते. तिच्यात आधी ९ मिलिसेकंदांची लांब ‘हाक’ असते, मग साडेचार मिलिसेकंद शांतता आणि मग ३२ अंकांचा निरोप. त्यात पत्ता, म्हणजे निरोप कोणत्या उपकरणासाठी आहे ते, आणि आज्ञा, म्हणजे काय करायचे ते असते. दोन्ही गोष्टी एकदा सुलट आणि एकदा उलट पाठवल्या जातात, म्हणजे मध्ये काही गळले तर टीव्हीला कळते. सगळा निरोप साधारण ६८ मिलिसेकंदांत संपतो. सोनीची पद्धत वेगळी आहे, तिची लुकलुक ४० हजारांची. फिलिप्सची जुनी ‘आरसी-५’ पद्धत आणखी वेगळी, ३६ हजारांची. एका कंपनीचा रिमोट दुसऱ्या कंपनीच्या टीव्हीला का चालत नाही, हे यावरून लक्षात येईल. युनिव्हर्सल रिमोट म्हणजे या अनेक बोली येणारा दुभाषा, दुसरे काही नाही.

रिमोट चालतो की नाही हे पाहण्याची युक्ती यातूनच निघते. मोबाइलचा कॅमेरा सुरू करा, रिमोटचे टोक कॅमेऱ्याकडे धरा आणि बटण दाबा. पडद्यावर जांभळट किंवा पांढरा ठिपका चमकताना दिसला तर रिमोट जिवंत आहे. काही फोनचा मागचा कॅमेरा हा प्रकाश गाळून टाकतो, अशा वेळी सेल्फी कॅमेऱ्याने पाहा. ठिपका दिसत असूनही टीव्ही ऐकत नसेल तर दोष समोरच्या बाजूला असू शकतो. टीव्हीच्या खालच्या पट्टीवर, रिसीव्हरच्या काचेवर धूळ बसली आहे का, त्याच्यासमोर साउंडबार किंवा देवाचा फोटो आला आहे का, हे आधी बघा. दार पश्चिमेला असेल आणि उन्हाळ्यात दुपारनंतरचे ऊन थेट टीव्हीवर येत असेल तरी रिमोट अडखळतो. वऱ्हाडातले ऊन रिसीव्हरला अक्षरशः दिपवते.

उन्हाचा हा त्रास रिमोटच्या जन्मापासूनचा आहे. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने १९५५ मध्ये ‘फ्लॅशमॅटिक’ नावाचा पहिला बिनतारी रिमोट आणला. युजिन पॉली यांनी तो बनवला होता. बॅटरीसारखा झोत टीव्हीच्या चार कोपऱ्यांवर मारायचा आणि टीव्ही हुकूम ऐकायचा. पण सूर्यप्रकाश पडला तरी तो हुकूम ऐकायचा! पुढच्याच वर्षी रॉबर्ट ॲडलर यांनी कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीवर चालणारा रिमोट तयार केला. अनेक बोली जाणणारा युनिव्हर्सल रिमोट त्यानंतर बऱ्याच काळाने आला. १९८५ मध्ये फिलिप्सने मॅग्नाव्हॉक्स या ब्रँडखाली तो बाजारात आणला आणि १९८७ मध्ये ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियाक यांनीही ‘कोअर’ नावाचा आपला रिमोट काढला.

दुकानात ‘युनिव्हर्सल’ म्हणून नेमके काय मिळते?

इथे सर्वाधिक गोंधळ होतो. दुकानात जाऊन ‘युनिव्हर्सल रिमोट द्या’ म्हटले की तीन वेगळ्या वस्तूंपैकी कोणतीही हातात पडू शकते.

पहिली म्हणजे हुबेहूब नक्कल. तुमच्या जुन्या रिमोटसारखाच दिसणारा, त्याच मॉडेलसाठी बनवलेला रिमोट. यात जोडणी काहीच नसते, सेल टाकले की चालू. रिमोट हरवला असेल आणि तेवढीच गरज असेल तर हाच घ्यावा. पण हा युनिव्हर्सल नाही, एकाचीच जागा घेणारा आहे. दुकानात जाताना जुना रिमोट सोबत न्या, नसेल तर टीव्हीच्या मागच्या स्टिकरचा फोटो काढून न्या. ‘बत्तीस इंची आहे’ एवढ्यावर दुकानदार योग्य रिमोट देऊ शकत नाही.

दुसरी म्हणजे कोडवाला रिमोट. याच्या आत अनेक कंपन्यांच्या बोली आधीच भरलेल्या असतात आणि सोबत एक चिटोऱ्यासारखी पुस्तिका येते. तिसरी म्हणजे ‘लर्निंग’, म्हणजे शिकणारा रिमोट. तो जुन्या रिमोटकडून एकेक बटण पाठ करून घेतो. काही रिमोट दोन्ही करतात. साधे रिमोट शंभर-दोनशे रुपयांपासून मिळतात. नांदुऱ्यात हवा तो मिळाला नाही तर मलकापूर किंवा खामगाव दूर नाही. ऑनलाइन मागवणार असाल तर उत्पादनाच्या वर्णनात ‘लर्निंग’ हा शब्द आहे का ते पाहा. माझे मत विचाराल तर घरातले जुने रिमोट शाबूत असताना शिकणाराच घ्यावा. कोडची भानगड त्यात राहत नाही.

कोड टाकायचा कसा?

प्रत्येक रिमोटची रीत थोडी वेगळी असली तरी चाल साधारण सारखीच आहे. आधी टीव्ही हाताने सुरू करा. रिमोटवरचे ‘सेट’ आणि ‘टीव्ही’ बटण (काहींत नुसते ‘सेट’) रिमोटवरचा दिवा स्थिर पेटेपर्यंत दाबून ठेवा. मग पुस्तिकेत तुमच्या कंपनीपुढे दिलेला तीन किंवा चार आकडी कोड टाका. दिवा विझला की ‘पॉवर’ दाबून पाहा. टीव्ही बंद झाला तर अर्धे काम झाले. अर्धेच, कारण एकाच कंपनीपुढे पाच-सहा कोड असतात आणि ज्या कोडने टीव्ही बंद होतो, त्याच कोडने आवाज कमी-जास्त होईलच असे नाही. म्हणून पॉवर, आवाज, म्यूट आणि सोर्स ही चारही बटणे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. एखादे चालत नसेल तर यादीतला पुढचा कोड.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. हे कोड सरकारी पिनकोडसारखे सगळीकडे सारखे नसतात. ते त्या-त्या रिमोट बनवणाऱ्याने स्वतःच्या सोयीने दिलेले क्रमांक असतात. व्हिडिओत पाहिलेला ‘अमुक टीव्हीचा कोड’ तुमच्या रिमोटवर चालला नाही तर तुमचे काही चुकले असे नाही, तो दुसऱ्या रिमोटचा कोड आहे. पुस्तिका हरवली तर रिमोटचीच उपयोगिता संपते, म्हणून ती हातात आल्याबरोबर मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

पुस्तिकेत तुमची कंपनीच नसेल तर? आपल्याकडे स्थानिक दुकानांतून विकले जाणारे कमी नावाजलेले टीव्ही बरेच आहेत, त्यांची नावे यादीत सापडत नाहीत. मात्र आतला सर्किट बोर्ड अनेकदा इतर टीव्हींसारखाच असतो. अशा वेळी ‘ऑटो सर्च’ वापरायचा. सेट दाबून दिवा स्थिर पेटवायचा, रिमोट टीव्हीकडे धरायचा आणि ‘पॉवर’ दाबत राहायचे (काही रिमोटमध्ये ते आपोआप होते). रिमोट एकामागून एक कोड पाठवत जातो. टीव्ही बंद झाला त्या क्षणी थांबून कोड पक्का करायचे बटण दाबायचे. याला पाच मिनिटेही लागतात आणि वीसही. घाईघाईत एखादा कोड पुढे निघून गेला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चहा शेजारी ठेवून बसावे असे हे काम आहे.

शिकणाऱ्या रिमोटला शिकवायचे कसे?

बॉक्सचा जो रिमोट सध्या तुमच्या हातात आहे तो एकदा उलटसुलट करून पाहा. अनेक डीटीएच कंपन्यांच्या आणि काही केबल बॉक्सच्या रिमोटवर वर किंवा खाली चौकट आखून ‘टीव्ही’ असे लिहिलेली चार-पाच बटणे असतात. ती बहुतेक घरांत वर्षानुवर्षे तशीच पडून आहेत. ती बटणे शिकणारी आहेत. म्हणजे शिकणारा रिमोट तुमच्या घरात आधीच असू शकतो.

शिकवण्यासाठी खोलीतली ट्यूब बंद करा आणि खिडकीतल्या उन्हापासून दूर बसा. दोन्ही रिमोट टेबलावर समोरासमोर, तोंडाला तोंड करून ठेवा. मध्ये दोन-तीन बोटांचे अंतर राहू द्या. दोघांची उंची सारखी नसेल तर पातळ रिमोटखाली वही सरकवा, कारण एकाचा दिवा दुसऱ्याच्या दिव्यासमोर आला पाहिजे. आता शिकणाऱ्या रिमोटवर ‘सेट’ (काहींत ‘लर्न’) दिवा स्थिर पेटेपर्यंत दाबून ठेवा. जे बटण शिकवायचे ते एकदा दाबा, दिवा मिणमिणू लागेल. आता टीव्हीच्या मूळ रिमोटवरचे तेच बटण दाबा. दिवा दोन-तीन वेळा चमकून पुन्हा स्थिर झाला की धडा पाठ झाला. पुढचे बटण घ्या. सगळी झाली की ‘सेट’ दाबून बाहेर पडा. मध्ये दहा-पंधरा सेकंद काही न दाबता राहिलात तर बरेच रिमोट आपणहून बाहेर पडतात, तेव्हा कोणती बटणे शिकवायची हे आधी ठरवून बसा.

मूळ रिमोटचे बटण थोडक्यात दाबा, धरून ठेवू नका. धरून ठेवले की अनेक रिमोट ‘तेच पुन्हा’ असा वेगळा छोटा निरोप पाठवू लागतात आणि शिकणारा कधीकधी तोच पाठ करतो. मग आवाजाचे बटण एकदा दाबले की काहीच होत नाही, असा अनुभव येतो. आणखी एक खोड आहे, ती चांगल्या तंत्रज्ञांनाही कोड्यात टाकते. ‘आरसी-५’ पद्धतीत बटण प्रत्येक वेळी नव्याने दाबल्यावर निरोपातला एक अंक बदलतो, म्हणजे ‘धरून ठेवले’ आणि ‘पुन्हा दाबले’ यातला फरक टीव्हीला कळतो. शिकलेला रिमोट मात्र दरवेळी तोच अंक पाठवतो. टीव्हीला वाटते, बोट उचललेच नाही! म्हणून काही जुन्या टीव्हींवर शिकवलेले बटण एकाआड एक वेळाच चालते. तो रिमोट खराब नाही. अशा टीव्हीला कोडवाला रिमोट घ्यावा.

हे सगळे मूळ रिमोट चालू असतानाच करायचे आहे. तो तुटल्यावर, त्यावर चहा सांडल्यावर किंवा नातवाने गच्चीवरून टाकल्यावर शिकवणार कोण? नवीन टीव्ही आला त्याच आठवड्यात शिकवणी उरकून घ्या आणि मूळ रिमोट सेल काढून कपाटात ठेवून द्या. तो फेकू नका. चित्राची सेटिंग किंवा वाय-फायचा पासवर्ड भरायला तोच लागतो.

आवाजाचा घोळ

जोडणी झाली तरी ‘आवाज फुल केला तरी ऐकूच येत नाही’ ही तक्रार उरते. आवाज दोन ठिकाणी असतो, बॉक्सचा वेगळा आणि टीव्हीचा वेगळा. बॉक्सचा आवाज पाचवर असेल तर टीव्ही शंभरवर नेऊनही उपयोग नाही. बॉक्सचा आवाज एकदा पूर्ण करून ठेवा आणि नंतर फक्त टीव्हीचा आवाज कमी-जास्त करा. शिकवताना बॉक्सच्या रिमोटवरील आवाजाची नेमकी कोणती बटणे कुणासाठी आहेत हे घरातल्यांना दाखवून द्या. साउंडबार असेल तर टीव्हीचा आवाज गैरलागू होतो, तेव्हा आवाजाची बटणे साउंडबारच्या रिमोटकडून शिकवा.

वीज गेली की पुन्हा गोंधळ का होतो?

टीव्ही आणि बॉक्स दोन्ही एका बटणाने सुरू-बंद व्हावेत अशी सोय काही युनिव्हर्सल रिमोटमध्ये असते. ऐकायला छान. पण ‘पॉवर’ची आज्ञा बहुतेक वेळा ‘सुरू हो’ किंवा ‘बंद हो’ अशी नसते. ती ‘असशील त्याच्या उलट हो’ अशी असते. आता वीज जाऊन आली. बॉक्स आपोआप सुरू झाला, टीव्ही मात्र लाल दिवा लावून झोपून राहिला. तुम्ही ते एकच बटण दाबता, टीव्ही सुरू होतो आणि बॉक्स बंद. पडद्यावर ‘नो सिग्नल’. पुन्हा दाबता, टीव्ही बंद आणि बॉक्स सुरू. असा लपंडाव कितीही वेळ चालू शकतो.

पावसाळ्यापूर्वीच्या वादळात दिवसातून चार-चार वेळा वीज जाणाऱ्या भागात ही सोय वापरू नये, असे स्पष्ट सांगावेसे वाटते. टीव्हीचे पॉवर बटण वेगळे आणि बॉक्सचे वेगळे ठेवा. बॉक्स चालूच राहू द्यायचा आणि संध्याकाळी टीव्ही बघून झाल्यावर भिंतीवरचे बटण बंद करायचे, ही जुनी सवय इथे उपयोगी पडते. विजेची बचतही होते. फक्त दुसऱ्या दिवशी बॉक्स जागा व्हायला एखादे मिनिट घेतो, तेवढा धीर धरायचा.

एकही पैसा न खर्चता होईल का?

बॉक्स किंवा स्टिक एचडीएमआय वायरने जोडलेली असेल तर शक्यता चांगली आहे. या वायरमधून चित्र आणि आवाजाखेरीज एक छोटी आज्ञांची वाटही जाते. तिचे नाव ‘सीईसी’. ती सुरू असेल तर टीव्हीच्या रिमोटवरून स्टिकचा मेन्यू चालतो, स्टिक सुरू केली की टीव्ही आपणहून जागा होऊन योग्य सोर्सवर जातो, म्हणजे सुरुवातीला सांगितलेला ‘निळं निळं’चा प्रश्नच उरत नाही. अडचण एवढीच की सेटिंगमध्ये हे नाव सहसा सापडत नाही. सॅमसंगने त्याला ‘एनीनेट प्लस’ म्हटले आहे, एलजीने ‘सिम्पलिंक’, सोनीने ‘ब्राव्हिया सिंक’, पॅनासॉनिकने ‘व्हिएरा लिंक’, फिलिप्सने ‘ईझीलिंक’. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आणि जोडलेल्या वस्तूच्या सेटिंगमध्ये, दोन्हीकडे ते सुरू करावे लागते. साउंडबार ‘एआरसी’ लिहिलेल्या एचडीएमआय खाचेत लावला तर टीव्हीच्या रिमोटनेच त्याचा आवाज कमी-जास्त होतो. लाल-पांढऱ्या-पिवळ्या तीन पिनांच्या वायरने जोडलेल्या जुन्या बॉक्सना ही सोय नाही, आणि केबलचे अनेक साधे बॉक्स एचडीएमआय असूनही सीईसी समजत नाहीत.

मोबाइलच रिमोट झाला तर?

होतो, पण दोन अगदी वेगळ्या मार्गांनी. काही फोनच्या वरच्या कडेला इन्फ्रारेडचा दिवा असतो, शाओमीच्या अनेक फोनमध्ये तो अजूनही दिला जातो. अशा फोनमध्ये कंपनीचे रिमोट ॲप आधीपासून असते. त्यात कंपनी निवडायची, बटण दाबून टीव्ही प्रतिसाद देतो का ते सांगायचे, झाले. सॅमसंगने २०१३ च्या गॅलेक्सी एस-४ मध्ये तो दिला होता, नंतरच्या मॉडेलमधून काढून टाकला. तुमच्या फोनला हा दिवाच नसेल तर ‘सर्व टीव्हींसाठी रिमोट’ म्हणून मिरवणारे कोणतेही ॲप साध्या टीव्हीला किंवा केबल बॉक्सला चालवू शकणार नाही. जाहिराती मात्र दाखवेल. रिमोटच्या ॲपने संपर्क यादी किंवा एसएमएस वाचायची परवानगी मागितली तर ते तत्काळ काढून टाका. आवाज कमी-जास्त करायला तुमच्या नातेवाइकांचे नंबर कशाला लागतात?

दुसरा मार्ग वाय-फायचा, तो फक्त स्मार्ट टीव्हीसाठी. अँड्रॉइड किंवा गुगल टीव्ही असेल तर ‘गुगल टीव्ही’ ॲप, सॅमसंगला ‘स्मार्टथिंग्ज’, एलजीला ‘थिनक्यू’. फोन आणि टीव्ही एकाच वाय-फायवर असले पाहिजेत. राउटर बदलला की नवा पासवर्ड टीव्हीत भरायला पुन्हा खरा रिमोट लागतो, हे ध्यानात असू द्या. तोही नसेल तर अँड्रॉइड टीव्हीच्या यूएसबी खाचेत संगणकाचा साधा माउस लावून पाहा, पडद्यावर बाण येतो आणि काम होते.

आजी-आजोबांसाठी मात्र मोबाइलचा रिमोट सुचवू नये. काचेवर बोटाला बटण लागत नाही, फोन चार्जिंगला असला की टीव्ही बंद, आणि मुलाचा फोन आला की रिमोट गायब.

कोणत्या वस्तू ऐकतच नाहीत?

टीव्हीच्या मागे खोचायच्या स्टिकचे रिमोट बहुधा ब्लूटूथवर चालतात. फायर टीव्ही स्टिकला इन्फ्रारेडचे डोळेच नाहीत, त्यामुळे साधा युनिव्हर्सल रिमोट तिला कितीही शिकवला तरी व्यर्थ. उलट तिचा स्वतःचा रिमोट तुमच्या टीव्हीचा आवाज आणि पॉवर चालवू शकतो, स्टिकच्या सेटिंगमधील ‘इक्विपमेंट कंट्रोल’मध्ये जाऊन टीव्हीची कंपनी निवडायची. रिमोटची आणि स्टिकची ओळख तुटली असेल तर ‘होम’ बटण दहा सेकंद दाबून ठेवा. स्मार्ट टीव्हीच्या ब्लूटूथ रिमोटऐवजी इन्फ्रारेड रिमोट घेतला तर बहुतेक बटणे चालतात, बोलून शोधण्याचा माइक चालत नाही.

एसीचा विषय वेगळाच आहे. टीव्हीचा रिमोट ‘एक पायरी वाढव’ एवढेच सांगतो. एसीचा रिमोट प्रत्येक वेळी तापमान, पंख्याची गती, मोड अशी पूर्ण स्थिती पाठवतो. म्हणून ‘तापमान वाढव’ हे एक बटण टीव्हीच्या रिमोटला शिकवले तर ते दरवेळी शिकवताना असलेले तापमानच पाठवत राहते. एसीसाठी एसीचाच युनिव्हर्सल रिमोट घ्या. रिमोटवाल्या कूलरला मात्र शिकणारा रिमोट सहसा चालतो.

नंबर शोधताना फसवणूक कशी होते?

‘नो सिग्नल’ दिसले की इंटरनेटवर कंपनीचा नंबर शोधला जातो. भामट्यांनी टाकलेले खोटे नंबर तिथे वाटच बघत असतात. पलीकडचा माणूस अदबीने बोलतो, तक्रार नोंदवायला दहा रुपये भरायला लावतो किंवा ‘मी इथूनच दुरुस्त करतो’ म्हणत फोनचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे ॲप टाकायला सांगतो. एनीडेस्कसारख्या अशा ॲपचा गैरवापर होत असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता. टीव्हीचा सोर्स दुरुस्त करायला तुमच्या मोबाइलचा पडदा पाहण्याची गरज कुणालाच नसते. नंबर हवा असेल तर बॉक्सवरचे स्टिकर, बिल किंवा कंपनीचे अधिकृत ॲप पाहा. केबल असेल तर गल्लीतल्या केबलवाल्याला हाक मारा, तो सगळ्यात भरवशाचा. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

बटणासारख्या सेलपासून सावध

साउंडबार, एलईडी माळा, छोटे म्युझिक प्लेयर यांच्या चपट्या रिमोटमध्ये नाण्यासारखा लिथियम सेल असतो. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत आतून गंभीर भाजू शकते. मूल सुरुवातीला रडेलच असेही नाही, नुसती लाळ गळते किंवा ते जेवायला नको म्हणते. संशय जरी आला तरी उलटी करवण्याचा प्रयत्न न करता थेट एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. चार रिमोटचे काम एकावर आले की हे चपटे रिमोट उंच कपाटात जातात, हा या सगळ्या खटाटोपाचा सर्वांत मोठा फायदा म्हणावा लागेल. उरलेल्या रिमोटचे सेल झाकणाला स्क्रू असेल तर घट्ट बसवा, नसेल तर चिकटपट्टी गुंडाळा.

पेन्सिल सेलच्या बाबतीत एवढेच : जुना-नवा सेल एकत्र घालू नका आणि बरेच दिवस वापरणार नसाल तर काढून ठेवा. उन्हाळ्यात बंद घरात पडून राहिलेले सेल पाझरतात आणि हिरवट-पांढरी बुरशी धरल्यासारखी दिसते. ती कोरड्या कापडाने पुसून, पत्रा खोडरबराने घासला तर रिमोट बरेचदा पुन्हा चालू होतो.

जोडणी संपल्यावर शेवटची परीक्षा

तुम्ही रिमोट चालवून पाहिला म्हणजे काम झाले, असे समजू नका. टीव्ही पूर्ण बंद करा, रिमोट आईच्या किंवा आजीच्या हातात द्या आणि गप्प बसा. टीव्ही सुरू करणे, मालिकेचे चॅनेल लावणे, आवाज वाढवणे, बंद करणे. बोट जिथे अडखळेल त्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्या. जी बटणे कधीच लागणार नाहीत, विशेषतः ‘मेन्यू’ आणि शिकवण्याचे ‘सेट’, त्यांवर जाड चिकटपट्टी लावा. टीव्हीच्या रिमोटच्या मागे ‘निळे दिसले तर सोर्स दाबा, एचडीएमआय १ निवडा’ एवढी एक ओळ मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा. तिचाच एक फोटो तुमच्याही मोबाइलमध्ये असू द्या, सातच्या फोनसाठी.